गटातून निघून गेलेल्या किमयाभाऊंस

पेण, शनिवार

चि. पुंडलिक यास मोरूदादाचा नमस्कार.

(आधी ‘अनेक आशीर्वाद’ लिहिलं होतं, ते खोडलं. आशीर्वाद वरून खाली देतात, आणि मला सध्या खालीच राहायला सांगितलंय. पण धाकट्या भावाला नमस्कार लिहिताना हात जड झाला, हेही खरं सांगतो.) इकडे सर्वांची प्रकृती ठीक. तुझा डावा गुडघा कसा आहे? तेल लावत जा. अकरा वर्षं तुझं तोंड पाहिलं नाही, तरी मला तुझा गुडघा, आणि तोही डावा, कसा ठाऊक ते तू जाणतोस. तरी सगळं एकदा माझ्या बाजूने सांगू दे. फोनवर तू मला बंद करून टाकलंयस, म्हणून हा कागद. पत्ता अनिताकडून घेतला.

तुझी वहिनी गेल्यापासून घरात माझं ऐकणारं कोणी उरलं नाही. आपल्या भाचीला, अनिताला, ते बघवेना. तिने कब्बालाच्या वर्गाची लिंक पाठवली. आपल्या लहानपणी शेजारी बेने इस्रायली ज्यू होते, त्यांच्या धर्मातली ही जुनी विद्या. (त्यांनी आपल्याला मालिदा भरपूर खाऊ घातला, पण याबद्दल अवाक्षर काढलं नाही.) सार एवढंच, की माणूस सगळं स्वतःकडे ओढतो, तो अहंकार, आणि तो एकट्याने मोडत नाही. त्याला दहा जण लागतात. प्रत्येकाने उरलेल्या नऊ जणांना आपल्यापेक्षा मोठं मानायचं. आमच्या हर्षदसरांनी पेण ते रोहा अशा दहा जणांचा गट केला. नियम असा, की पहिलं वर्षभर तोंड दाखवायचं नाही, आवाज ऐकवायचा नाही, गाव-आडनाव सांगायचं नाही. दर गुरुवारी सातला फोनवर नुसतं लिहायचं. माझा फोन नातवाच्या नावावर, म्हणून गटात मी ‘साहिल’.

मी मन लावून अभ्यास केला. घरात गुपचूप सेवा करा असं सांगितलं, तर रोज भांडी घासायला लागलो आणि गुपचूप घासतो हे गटात दर आठवड्याला कळवायला लागलो. आमच्या सूनबाई, अपेक्षा, चौथ्या दिवशी म्हणाल्या, “बाबा, तुमचा अहंकार राहू दे हवा तर, पण कढई मला परत घासायला लागते.” गटातही तेच. कोण जास्त लहान, यावर इतकी चुरस की एकाने स्वतःला धूळ म्हटलं तर दुसरा लगेच धुळीखाली जाई. त्यात मी पहिला असायचो. (हे मी अभिमानाने सांगत नाही. थोडं सांगतो.)

या सगळ्यात एकच माणूस असा, की त्याला मोठं मानायला मला कष्ट पडले नाहीत. फोनवर नाव ‘किमया’. आधी मी ‘किमयाताई’ लिहीत होतो, मग कळलं की ते गृहस्थ आहेत, म्हणून ‘किमयाभाऊ’. गुडघा दुखतो म्हणायचे. बायको गेल्याचं मी कुणाशी बोललो नव्हतो, ते त्यांच्याशी बोललो. त्यांनी फार काही लिहिलं नाही. रोज दुपारी, गुरुवार नसला तरी, ‘जेवलात का’ एवढंच विचारायचे. सात महिने विचारलं. पुंडलिक, त्या दोन शब्दांसाठी मी बारा वाजल्यापासून फोन हातात घेऊन बसायचो.

मग त्या गुरुवारी सरांनी विचारलं, कुणाला माफ करता येत नाही? मी लिहिलं, धाकट्या भावाला, बापाच्या शेवटच्या वेळी तो आला नाही. किमयाभाऊंनी लिहिलं, थोरल्या भावाला. मी लगेच त्यांची बाजू घेतली. असा भाऊ म्हणजे अहंकाराचं पोतं, त्याच्या दारात पाऊल ठेवू नका, असं बजावलं. त्यांनीही माझ्या भावाला कृतघ्न म्हटलं. इतका जिव्हाळा आमच्यात आधी कधी नव्हता. मग त्यांनी पुढे लिहिलं, वडिलांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. विडी ठेवली, चहा ठेवला, भाजलेला पोह्याचा पापड ठेवला. तेव्हा भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, ह्याच्यामुळेच बाबांचा जीव अडकलाय. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

भाजलेला पापड मीच ठेवला होता.

मी लिहिलं, ‘पुंडलिक?’ आणि खाली आलं, ‘किमया गटातून बाहेर पडले.’

मी अनिताला विचारलं, किमया कोण? तिने सांगितलं, पुंडलिकमामाची नात, नऊ वर्षांची; त्याचा फोन तिच्या नावावर, आणि वर्गाची लिंक मीच त्यालाही पाठवली होती. तुझं नाव माझ्यासमोर काढायचं नाही, असं मीच तिला बजावलं होतं, त्यामुळे नऊ वर्षांत मला पत्ताच नाही. फार वाईट वाटलं. तिला माझे आशीर्वाद. तिथे मी मोठा आहे, खोडणार नाही.

तुझा,
मोरूदादा

ता. क. : वर पुष्कळ लिहिलं, पण जे लिहायला बसलो होतो ते राहिलंच. घाटावर तू म्हणालास, “दादा, येळेवर सांगितलं असतंस तर मी शिफ्ट टाकून आलो नसतो व्हय?” मी म्हटलं, फोन लागत नव्हता. फोन लागत होता. मी लावलाच नाही. सकाळी सहापासून बाबा तुलाच हाका मारत होते. सगळं आयुष्य मी त्यांच्याजवळ काढलं आणि नाव तुझं. मला वाटलं, शेवटी तरी मी एकटाच असावं. ते गेल्यावर, साडेअकराला तुला फोन केला. कावळा कुणामुळे आला नाही, ते मला तेव्हाही माहीत होतं. चूक माझी आहे.

ता. क. दुसरा : तुझी जागा भरायला सरांनी दुसरा माणूस बघितला होता. मी भांडलो. (सर म्हणाले, हाही अहंकारच. असू दे.) येत्या गुरुवारी सातला आम्ही नऊच असू. भाऊ म्हणून तुला बोलवायला मला तोंड राहिलेलं नाही. किमयाभाऊ म्हणून ये. मी साहिलच राहीन, ओळख दाखवणार नाही. आणि तेही जमलं नाही, तर कधीतरी दुपारी नुसतं विचार, जेवलात का.