मोडलेली घडी

३ मार्च

चि. भाऊजींस अ. आ.

तुमच्या खोकल्याचं कसं काय? औषध घेता, की खिडकीतल्या कुंडीला पाजता? मी बरी आहे. लाँड्री पुन्हा उघडून आठवडा झाला. आपल्या ढब्बूला जाऊन दीड महिना झाला, पण गिऱ्हाइकांच्या चादरींना त्याचं काय? त्या मळतातच.

आता मुद्द्याचं. माझ्या हातून फार मोठं चुकलंय. पोराच्या शवपेटीवरचं निशाण जवानांनी घडी करून माझ्या हातात दिलं होतं. तिकोनी, अगदी घट्ट. देताना तो पोरगेला जवान काहीतरी म्हणाला, पण बिगुलापुढे मला एक अक्षर ऐकू आलं नाही. त्या घडीवर एका बाजूला बुटाच्या पॉलिशचा डाग होता, अंगठ्याएवढा. कुणाच्या तरी हातमोज्याचा लागला असणार. तीस वर्षं डागच बघत आलेली बाई मी. कपाट उघडलं की मेली नजर तिथंच जायची. काल राहवलं नाही. घडी मोडली, कोमट पाण्यात धुतलं, हलकी खळ दिली, इस्त्री केली. डाग गेला. मग घडी घालायला घेतली आणि हाताच्या सवयीनं चादरीची घातली. चौकोनी. वर फक्त गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी लावायची बाकी होती. तेव्हा कळलं, मी काय करून बसले ते. त्याच्या सोबत्यांच्या हातची घडी होती ती, भाऊजी. मी ती डागासाठी मोडली.

सूनबाई माहेरी आहे, १५ तारखेला, रविवारी येतेय. त्याच्या सामानातलं तिला काही नको, फक्त ते निशाण हवंय, आहे तसं, असं तिनं फोनवर सांगितलं. आता तिला काय दाखवू? तुम्ही फौजेत बावीस वर्षं पोरांना हीच घडी शिकवलीत. अंत्यविधीला का आला नाहीत, ते मी विचारणार नाही. पण आता या आणि ती घडी घालून द्या.

लोभ आहे, तो पातळ होऊ देऊ नका.

तुमची वहिनी


७ मार्च

ती. वहिनींस सा. न.

पत्र पोचलं. डॉक्टर प्रवासाला नको म्हणतात, म्हणून कृती लिहून पाठवतो. निशाण लांबीत दोनदा दुमडा. मग एका टोकाचा कोपरा उचलून त्रिकोण करा, त्रिकोणावर त्रिकोण घेत जा, आणि उरलेलं टोक आत खोचा. दुसऱ्यानं समोरून ताण धरायचा. कड कुठे दिसता कामा नये.

सूनबाई कदाचित घड्यांचे अर्थ विचारतील. पहिली घडी आईची, दुसरी मातीची, तिसरी मागे राहिलेल्यांची, असं जवान म्हणतात. वहिनी, तुमच्याशी खोटं बोलवत नाही. नियमांच्या पुस्तकात यातलं काही नाही. तिथं एकच ओळ आहे, कड दिसू नये. अर्थ मी जोडले, एका दुपारी, सराव करताना पोरं खिदळत होती म्हणून. पुढच्यांनी ते पाठ केले आणि आता तर छापील पत्रकातही आलेत. ढब्बू पहिलं वर्ष माझ्याच मानवंदनेच्या तुकडीत होता. त्यानं एकदा विचारलं होतं, काका, हे खरं आहे का. मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो.

तो जवान काय म्हणाला, ते मला ठाऊक आहे. देश हे तुमच्या पदरात ठेवतो आहे, मुलासारखं जपा. तेही वाक्य मीच लिहून दिलेलं. तुम्ही त्याच्या भरतीला नको म्हणत होता, मी चार दिवस ठाण मांडून तुम्हाला पटवलं. आता माझंच वाक्य तुम्हाला ऐकवलं जाताना तिथं उभं राहायची छाती झाली नाही. खोकला निमित्त होता. आजही आहे.

रागवा, पण पत्र लिहीत जा.

तुमचा धाकटा दीर


१६ मार्च

चि. भाऊजींस आशीर्वाद.

दुसऱ्यानं ताण धरायचा, असं लिहून मोकळे झालात! दुसरं कोण आहे हो या घरात? मी खुर्चीच्या पाठीला टोक बांधून ओढलं, तर खुर्चीच अंगावर आली. आधी हसले, मग तिथंच बसून रडले. सगळं वाचूनसुद्धा वाटत होतं, तुम्ही याल. शनिवारी दिवसभर दार उघडं ठेवलं होतं.

रविवारी सूनबाई आली. चौकोनी घडी लाँड्रीतल्या टेबलावर तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता ही माझं तोंड बघणार नाही. तिनं निशाण नाकाशी धरलं. त्याच्या शर्टांना असाच खळीचा वास यायचा म्हणाली, आणि दुसरं टोक धरायला उभी राहिली. तिसऱ्या खेपेला जमलं. कड बोटभर बाहेर राहिलीच. राहू दे म्हणाली.

आणि ऐका. ते अर्थ तुम्हीच जोडलेत, हे ढब्बूला ठाऊक होतं. हो म्हणताना काकांचे कान लाल झाले होते, असं तो तिला हसून सांगायचा. तरी प्रत्येक आईपुढे तो ते अर्थ आणि तुमचं ते वाक्य शब्दन् शब्द म्हणायचा. ऐकताना त्या बाईचं रडं जरा थांबतं, म्हणायचा. मला ऐकू आलं असतं तर माझंही थांबलं असतं.

भरतीचा राग धरून धरून मी दमले, भाऊजी, तो सोडला. आता राग आहे तो शनिवारचा.

प्रकृतीला जपा, एवढी माया अजून आहे.

वहिनी


२० मार्च

ती. वहिनींस सा. न.

मी आलो होतो. शनिवारी नाही, रविवारी. तुमच्या समोरच्या चष्म्याच्या दुकानापाशी उभा होतो. लाँड्रीच्या काचेतून तुम्ही दोघी दिसत होता. सूनबाईंच्या हातून ताण सुटत होता आणि तुम्ही परत परत पहिल्यापासून सुरू करत होता. ताण धरा, हे माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तुम्ही रस्त्याकडे पाहिलंत, आणि मी दुकानात शिरून नको असलेल्या फ्रेमा डोळ्यांना लावत बसलो. बाहेर आलो तेव्हा तुमचं शटर खाली होतं. तसाच बस धरून परतलो.

वहिनी, किती परक्या आयांपुढे गुडघा टेकून मी निशाण दिलं, मोजदाद नाही. एकीपुढेही माझा आवाज कापला नाही. आपल्या घरची एकच वेळ आली, आणि रस्ता ओलांडवला नाही.

येऊ का, असं विचारायचं तोंड नाही. तरी विचारतो. एका ओळीचं उत्तर पाठवा, नाही असलं तरी.

तुमचा धाकटा दीर