मुक्कामी गाडी आमच्या अंगणात

१७ जुलै २००३, गुरुवार

मुक्कामी गाडी बंद होणार!

आज सकाळी डबा द्यायला चौकात गेलो, तर ड्रायव्हर बसवंतनंच सांगितलं. रात्री येऊन गावात थांबणारी आणि सकाळी सहाला लातूरला निघणारी ही एकच गाडी. ड्रायव्हर-कंडक्टरला झोपायला ग्रामपंचायतीची खोली होती. आता पंचायत म्हणते, खोलीवर खर्च करायला निधी न्हाई. डेपो म्हणतो, खोली न्हाई तर मुक्काम न्हाई. सोमवारपासून पहिली गाडी थेट अकराची.

अकराच्या गाडीनं गेलेला डबा लातूरला माझ्या लुंबिनीला कधी मिळणार? क्लासमधून क्लासला पळते पोरगी.

१८ जुलै

सरपंचाकडं जाऊन आलो. नीट बोलला, खोटं कशाला लिहू. म्हणाला, "ग्यानोबा, शाळेचं छत गळून राहिलंय. छत बघू का ड्रायव्हरची खाट?" गवंडी माणूस मी. ते छत मीही पाहिलंय.

२० जुलै, रविवार

लुंबिनीचा फोन आला, दुकानातल्या रुपयाच्या डब्बा फोनवर. कुठून तरी कळलंच तिला. "अप्पा, मी परत येते. बारावी गावातूनही होती."

होत असती तर धाडलं कशाला असतं? गेल्या साली मेसचं खाऊन कावीळ झाली. दीड महिना अंथरुणात. डॉक्टरनं बजावलं — घरचंच जेवण. तेव्हापासून रोज भाकरी, भाजी, कारळाची चटणी. तिची आई भूकंपात गेली तेव्हा मला चूलसुद्धा पेटवता येत नव्हती. आता माझी भाकरी फुगते!

तिला म्हणालो, "तू पुस्तक बघ, गाडीचं मी बघतो." बोललो खरा. कसं बघू?

२१ जुलै

डेपोत गेलो. काम बुडालं, बुडू दे.

तिथल्या साहेबाला विचारलं, खोली पंचायतीचीच लागती का? म्हणाला, "कुणाची का असेना. खोली, पाणी, दिवा, संडास. लेखी द्या." म्हणालो, माझं घर देतो. भूकंपानंतर सरकारनं बांधलेलं, दोन खोल्यांचं. घरात मी एकटा, त्यात झोपतो बाहेर पत्र्याखाली. अजून छताखाली डोळा लागत न्हाई मला.

"गावात कुठं?"

"बौद्ध वस्तीत."

साहेबानं बसवंत आणि कंडक्टर शेषेरावला बोलावून विचारलं. शेषेराव जमिनीकडं बघत राहिला. बसवंत म्हणाला, "मला चालतंय साहेब. पंखा हाय का तेवढं विचारा."

पंखा हाय!

२४ जुलै

गाडी आली. आमच्या वस्तीत, माझ्या अंगणासमोर उभी — लाल, चिखलानं भरलेली. पोरं झोपायची वेळ टळली तरी तिला हात लावून बघत होती.

बसवंत आमच्यात जेवला. शेषेरावनं घरून आणलेलं खाल्लं, पाणीही स्वतःच्या बाटलीतलं. गाडी आली, हेच लई झालं.

२५ जुलै

सकाळी सहाला अख्खं गाव माझ्या दारात! गाडी इथूनच सुटणार म्हटल्यावर येतील न्हाई तर काय. दूधवाले, मास्तर, दवाखान्याची माणसं. काही जण आत आले. काही रस्त्यावरच उभे राहिले, पाय अवघडले तरी.

पार्वतीबाई पण रस्त्यावर. सरपंचाची चुलती ती. तिची नात उर्वी लुंबिनीच्याच क्लासला आहे, तिचाही डबा याच गाडीनं जातो. म्हातारीचे गुडघे धरलेले. मी फक्त ओट्यावर पोतं अंथरलं आणि आत निघून आलो.

२७ जुलै

ओट्यावर बसली!

२ ऑगस्ट

शेषेरावनं आज स्वतःहून चहा मागितला. वर म्हणाला, "साखर कमी घालत जा, डायबिटीस हाय." म्हणजे रोजचाच बेत दिसतोय.

पार्वतीबाई डबा मांडीवर घेऊन बसते आणि मला हजार गोष्टी विचारते. "चटणीत लसूण किती घालतोस? पोरगी अभ्यास करती का नुसती पोपटपंची?" म्हणालो, करती बाई. म्हणाली, "आमची रडती लई."

लुंबिनीचं वजन दोन किलोनं वाढलंय. बसवंतचे, त्या साहेबाचे, सगळ्यांचे उपकार. कुणाकुणाला सांगू?

१५ ऑगस्ट

झेंडावंदन झालं, मग ग्रामसभा. सरपंचानं जाहीर केलं — खोलीचा निधी मंजूर, सोमवारपासून गाडी पुन्हा चौकातून. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

बाहेर पडताना मागं कुणीतरी म्हणालं, "बरं झालं, तिकडं जायचं सुटलं."

आता कळलं. महिन्याभरात पैसा कुठून उगवला ते! आणि शाळेचं छत? ते गळूनच राहिलंय.

१७ ऑगस्ट

बसवंत पिशवी भरताना म्हणाला, "आमच्या काय हातात हाय, भाऊ." शेषेरावनं चहाचा कप स्वतः विसळून पालथा ठेवला, चादरींच्या घड्या घातल्या. दाराशी थांबून एकदम माझा हात धरला.

राग धरून काय करू? गाडी चालू आहे. लुंबिनी लातूरलाच आहे. चोवीस दिवस माझं घर भरलेलं होतं.

१८ ऑगस्ट

डबा घेऊन चौकात गेलो. मागं उभा राहिलो. गाडी वेळेवर सुटली.

२० ऑगस्ट, बुधवार

पहाटे पाच वाजता दार वाजलं. पार्वतीबाई! एकटीच, हातात डबा न्हाई. घाबरलो — वाटलं, भांडायलाच आली.

म्हणाली, "काल उर्वीचा फोन आला. म्हणती, आजी, तुला सांगायची भीती वाटत होती. मी आन् लुंबिनी जूनपासून एकाच ताटात जेवून राहिलो."

मी बाजूला होऊन तिला आत घेतलं.

"मग दोन डबे कशाला, ग्यानोबा? आजचा तुझा जाऊ दे, दोघींचा. उद्या मी करते."

पीठ कमी मळलं होतं. तीच चुलीपाशी बसली, परात ओढली आणि आणखी मळायला लागली. चार भाकरी मी थापल्या, तीन तिनं.