खांद्यावर कोण होतं

१२ ऑक्टो., रवि.
मंडळाची मीटिंग संपवून कोट घालत होतो, तेवढ्यात पेंडशांनी गाठलं. सेक्रेटरी झाल्यापासून हा मुलगा कुणाला सुखाने घरी जाऊ देत नाही. "काका, सात डिसेंबरला तुमचं भाषण ठेवतोय. टांझानिया, आदिमानवापासून स्वातंत्र्यापर्यंत. चाळीस मिनिटं, मग चहा." नाही म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "चाळीस कशाला, तीसही पुरतील."

घरी नी. म्हणाली, "तिकडे जन्मलात म्हणून अख्खा इतिहास येतो होय? मी सांगलीची, मला हळदीतलं काय कळतं?" त्रेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला उत्तर द्यायचं नसतं.

पण बरोबर आहे तिचं. बारा वर्षांचा होतो दार-एस-सलाम सोडलं तेव्हा. त्यानंतर सगळा जन्म साउथहॅम्प्टनच्या पावसात. तिथलं म्हणून माझ्याजवळ खरं एकच आहे, स्वातंत्र्याची रात्र. पाच वर्षांचा मी, स्टेडियममध्ये बाबांच्या खांद्यावर. मध्यरात्री सगळे दिवे गेले, परत आले, आणि खांबावर नवा झेंडा. किती जणांना ऐकवलीय ही गोष्ट. रिटायर झालो त्या दिवशी ऑफिसातसुद्धा. भाषणाचा शेवट तोच. बाकीचं वाचून काढू.

१५ ऑक्टो., बुध.
लायब्ररीतून पाच पुस्तकं आणली. बसमध्ये मांडीवर मावेनात.

गणित केलं. लेटोलीला ज्वालामुखीच्या ओल्या राखेत माणसासारख्या दोन पायांवर चालणाऱ्यांची पावलं उमटली, त्याला छत्तीस लाख वर्षं झाली. चाळीस मिनिटांत बसवायचं तर मिनिटाला नव्वद हजार वर्षं. इंग्रजांची अख्खी राजवट पापणी लवायच्या आत संपते. हे नी.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग अर्धं काम झालंच की."

मजा येतेय पण. शाळेनंतर पहिल्यांदाच पेन्सिल कानावर ठेवून वाचतोय.

१८ ऑक्टो., शनि.
पहिला खर्डा दादाला ईमेल केला, सनावळ्या तपासायला. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, तिचं डोकं शाबूत.

दादा म्हणजे माझी बहीण सुमन. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ. शेजारच्या पोरांचं ऐकून मी तिला दादा म्हणायला लागलो, ती मला काका. आईने खूप रागावून पाहिलं, मग सोडून दिलं. एडिनबराला हॉस्पिटलात छत्तीस वर्षं सगळे तिला सिस्टर म्हणायचे. म्हणजे घरीदारी एकच हाक.

संध्याकाळी तिचं उत्तर आलं. एक ओळ. "खांद्यावर मी होते. तू गोवर येऊन घरी पडला होतास."

१९ ऑक्टो., रवि.
फोन केला. हसतच केला, हसण्यावारी नेता येईल म्हणून.

ती हसली नाही. म्हणाली, "आई आल्यागेल्याला सांगायची, आमचं बाळ त्या रात्री बाबांच्या खांद्यावर होतं. मी चहाचे कप घेऊन यायचे आणि ऐकायचे. एकदा म्हटलं, आई, मी होते गं. तर म्हणाली, असू दे, त्याला आवडतं."

मी काय म्हणावं? "अगं, एवढ्याशा गोष्टीचं इतक्या वर्षांनी काय."

फोन ठेवलाच तिने. जीभ आधी पुढे जाते आणि अक्कल मागून येते, माझं लहानपणापासूनचं आहे ते.

२३ ऑक्टो., गुरु., भाऊबीज
दर वर्षी सकाळी आठला ती व्हिडिओवर ओवाळते. मोबाइलसमोर निरांजन फिरवते, मी इकडे मान वाकवतो, नी. हसून लोळते. आज आठ, नऊ, दहा. मी दोनदा लावला. उचलला नाही.

नी. म्हणाली, "अहो, तिचीच असली तर देऊन टाका की." देऊन टाका म्हणे. मग माझ्याजवळ उरलं काय? पुस्तकांतली पावलं?

दिवसभर काही गोड लागलं नाही. 

१ नोव्हें., शनि.
सकाळी दाढी करताना लख्ख कळलं. माझ्या त्या आठवणीत मला मुलगा दिसतो. बाबांच्या खांद्यावर बसलेला, तोंड उघडं, डोळे मोठे. म्हणजे मला माझाच चेहरा दिसतो! खांद्यावर बसलेल्याला स्वतःचा चेहरा कुठून दिसणार?

अर्धी दाढी तशीच ठेवून फोन केला. उचलला.

"दादा, तू होतीस."

 मागे तिच्याकडची केटली उकळत होती.

"नक्की?"

"नक्की. मी घरी होतो. भाषणाच्या शेवटी तू येऊन सांग. पाच मिनिटं."

"दहा देशील तर येते."

दिली. नंतर उरलेली दाढी केली, गाणं म्हणत. नी. बाहेरून म्हणाली, "फोन उचललेला दिसतोय." खूप हलकं वाटतंय. थोडं रिकामंही वाटतंय, खोटं कशाला लिहू.

९ नोव्हें., रवि.
पेंडशांना सांगितलं होतं, "शेवटी माझी दादा बोलेल." त्यांना वाटलं म्हाताऱ्याचं मराठी आफ्रिकेत बिघडलं. सभ्य मुलगा, चूक सुधारून पोस्टर काढलं: "आणि त्यांचे ज्येष्ठ बंधू." सगळ्या ग्रुपवर गेलं.

तिकडे नातीचीही तीच तऱ्हा. ईशा दहा वर्षांची, रविवारच्या मराठी शाळेत जाते. निबंधात लिहिलं, "आजोबाची दादा एडिनबराहून येणार आहे." बाईंनी लाल पेनाने "चे दादा, आहेत" केलं. पोरगी कधी माझा पुस्तक म्हणते, कधी माझी हात. जन्मात एकदा लिंग बरोबर आलं, तर मार्क गेला. रडवेली झाली होती. मी बाईंना चिठ्ठी लिहिली. मार्क परत मिळाला, शिवाय वर्गात स्वाहिलीचे पाच शब्द शिकवायचं आमंत्रण. गाडीला गारी, लाखाला लाकी, गोणीला गुनिया. पोरांना वाटतंय मी बनवून सांगतोय.

१६ नोव्हें., रवि.
दादा रोज फोनवर खर्डा तपासते. ऑपरेशन थिएटरमध्ये कात्र्या मोजून घ्यायची, तशीच माझी वाक्यं मोजते.

"लवंगेला चार ओळी आणि गुलामांच्या बाजाराला एक? उलटं कर."

केलं.

"आणि त्या धंद्यात हिंदुस्थानी व्यापाऱ्यांचंही भांडवल होतं, ते कुठाय?"

म्हटलं, मंडळात समोसे खाताना लोकांना...

"खाऊ देत. पण लिही."

लिहिलं. तिच्यामुळे भाषण सुधारतंय, हे तिला सांगणार नाही. किल्वा बेटावरच्या जुन्या बंदराचा भाग तिला आवडला. प्रवाळाच्या दगडांची मशीद, स्वतःची नाणी, आपल्याकडून गेलेलं कापड नि मणी. वसईत आले तेच पोर्तुगीज, किल्वावर आधी जाऊन आदळले. मग माजी माजीचं बंड; माजी म्हणजे स्वाहिलीत पाणी. मंतरलेल्या पाण्याने जर्मनांच्या गोळ्यांचं पाणी होईल, या भरवशावर माणसं चालत गेली. दादा म्हणाली, "ते हळू वाच."

६ डिसें., शनि.
दादा आली. दोन गाड्या बदलून, हातात एकच पिशवी. स्टेशनच्या जिन्यावरूनच ओरडली, "काका, केवढा वाळलास!" घ्यायला आलेल्या पेंडशांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"या काकू... म्हणजे, बंधू नाही आले?"

"मीच बंधू," दादा म्हणाली.

पेंडशांचा चेहरा पडला. गाडीत बसल्यावर कळलं, उद्याच्या सत्कारासाठी बंधूंकरता पुणेरी पगडी मागवलीय. केंब्रिजच्या कुणीतरी खास आणून दिली. दादा इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाली, "मापाची आहे ना?"

नी.ने उशिराची भाऊबीज मांडली. दादाने खरंखुरं ओवाळलं. निरांजनाची ऊब गालाला लागली, ती मोबाइलवर लागत नव्हती.

७ डिसें., रवि.
झालं भाषण. क्रमाने लिहितो.

चर्चचा हॉल भरलेला. पगडी दादाने घातली, आणि दिसली अशी की पेंडशांनी आधी फोटो काढला, मग माफी मागितली.

मी लेटोलीलाच अडकलो. मोठ्या पावलांशेजारी छोटी पावलं आहेत ना, तिथून पाय निघेना. बावीस मिनिटं झाली तेव्हा नी.ने पहिल्या रांगेतून घड्याळ दाखवलं. मग किल्वा, गुलाम, जर्मन, सगळे धापा टाकत आले. माजी माजी मात्र हळू वाचलं. समोसे थांबले होते. इंग्रजांना दीड मिनिट मिळालं. कुणी तक्रार केली नाही.

मग म्हटलं, "पुढची गोष्ट मी चाळीस वर्षं माझी म्हणून सांगितली. इथल्या निम्म्यांनी ऐकलीय. ती माझी नाही, हिची आहे." आवाज हलला. हलू दे.

दादा उभी राहिली. कागद नाही.

"बाबांच्या डोक्याला खोबरेल तेलाचा वास होता. मी त्यांचे कान धरले होते, हँडलसारखे. दिवे गेले. एवढी माणसं, पण आवाज नाही. मला वाटलं, खाली बाबा नाहीतच, मी हवेत बसलेय. म्हणून कान पिळले. दिवे आले, झेंडा वर होता, सगळे उहुरू, उहुरू, म्हणजे स्वातंत्र्य, ओरडायला लागले. बाबांचे खांदे हलत होते. मला वाटलं हसताहेत. पुढे मला मुलं झाली तेव्हा कळलं, रडत होते. बंदरावरचा साधा कारकून. देश त्याचा नव्हता, झेंडा त्याचा नव्हता. तरी रडला."

तेलाचा वास. कान. मी इतकी वर्षं सांगितलं त्यात हे कधीच नव्हतं. बाबा मला एकदम दिसले, नऊ वर्षांच्या मुलीचे वडील म्हणून. हॉलमध्ये मीच आधी रडलो. मग टाळ्या.

चहाच्या वेळी लोक तिच्याभोवती, मी कप गोळा करत होतो. छान वाटलं.

८ डिसें., सोम.
दादाला गाडीत बसवलं. ईशा शाळा बुडवून आली होती. दादाला म्हणाली, "तू गेली की मला बोअर होणार." मग माझ्याकडे वळून, "आजोबा, मग तुझा आठवण कुठला?"

"तुझी. कुठली," मी म्हटलं. व्याकरण तेवढं दुरुस्त केलं.

९ डिसें., मंगळ.
आज स्वातंत्र्यदिन. पहाटे जाग आली, काही कारण नाही. पडल्यापडल्या ईशाचा प्रश्न डोक्यात होता, आणि अचानक आलं.

त्या रात्रीनंतरची सकाळ. अंगाला गोवराची खाज. डोळ्यांना उजेड नको म्हणून खिडकीवर आईने टांगलेली काळी साडी, तिच्या कडेने उजेडाची एक रेघ. शेजारच्या चटईवर दादा, फ्रॉकमध्येच झोपलेली, पायांत बूट. मुठीत कागदाचा झेंडा, हिरवा-काळा, मध्ये पिवळ्या रेघा. घामाने हिरवा रंग तिच्या मनगटावर उतरला होता. मी झेंडा हळूच ओढला. तिने झोपेत मूठ आवळली. मी परत ओढला.

हे मला कुणी सांगितलेलं नाही. आईने नाही, बाबांनी नाही. यात मला माझा चेहरा दिसत नाही, तिचाच दिसतो. माझं आहे हे. नी.ला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, आता चहा टाका."

आठ वाजता दादाला फोन.

"बूट? मी चपला घालून गेले होते."

"तू झोपली होतीस. तुला काय माहीत?"

हसली. मग एकदम थांबली.

"काका, झेंडा तू ओढलास?"

"हो."

"सकाळी हातात नव्हता. मला वाटलं स्टेडियममध्येच पडला. बाबांनी घेऊन दिला होता रे. किती शोधला मी. कुठे ठेवलास?"

डोळे मिटून पाहिलं. साडीच्या कडेचा उजेड दिसतो. तिची मूठ सुटते, काडी माझ्या हातात येते. पुढे काही नाही.

"आठवत नाही, दादा."

"आठव," ती म्हणाली. "मी धरते फोन."