दोन्हीकडून एकच रक्त

जयपूर, १२ मे

सुनंदा पोरी, आज फार उशिरा लिहायला बसलो, माफ कर. दिवस दवाखान्यात गेला.

नातू निखिल म्हणतो, पंखा त्याला नावाने हाका मारतो. माझे मामाही भर उन्हाळ्यात पंखा बंद करून बसायचे. डॉक्टरांनी विचारलं, घराण्यात आधी कुणाला? म्हटलं, मामांना. त्यांचीच मुलगी मी केली, आमच्यात चालतं. डॉक्टरांचं पेन थांबलं.

"मतलब, दोनों तरफ से एक ही खून?"

मग म्हणाले, "रक्तातून येतं, पण सगळ्यांना नाही. घबराइए मत, दादाजी."

सगळ्यांना नाही, मतलब कुणाला? पंखा अजून बंदच आहे.

पुण्याला तुझा थोरला मुलगाही हल्ली दार लावून बसतो. अभ्यास करतो, म्हणतेस तू. सुनंदा, आत जाऊन बघ गं. लवकर कळव.