चार्ज कुणाकडे होता

४ मार्च

प्रभारी अधीक्षक भेटले. दिलगिरी व्यक्त केली. दिलगिरी पाहुण्याच्या अंगावर चहा सांडला तर व्यक्त करतात. माझा धाकटा भाऊ यांच्या मनोरुग्णालयात, कुलूप लावलेल्या खोलीत, भर उन्हाच्या दुपारी पाण्यावाचून गेला.

विचारलं, ‘त्या वेळी वॉर्ड कुणाच्या ताब्यात होता?’

‘तसं एकाचं नाव घेता येत नाही, बाई. ही सगळी सिस्टिम आहे.’

म्हटलं, मग सिस्टिमला आत बोलवा, मी बसते.

ते हसले. मला हसू आलं नाही. रडूही येत नाही. घरी येऊन पडदे धुतले.

६ मार्च

पडदे वाळले. लावले नाहीत.

९ मार्च

भावाची, चिमणची मुलगी आली होती. साठीतला माणूस, आणि नाव चिमण – लहानपणी अखंड बडबडायचा, तेव्हाचं चिकटलेलं.

‘आत्या, सोड ना आता. बाबा परत येणारेत का?’

‘येणार नाही म्हणून तर यांना विचारतेय. आला असता तर त्यालाच विचारलं असतं.’

‘तुझ्याशी बोलायचं म्हणजे ना...’ म्हणाली आणि माझी भांडी घासायला उठली. घासलेलीच पुन्हा घासली. आमच्या घरात संताप आला की सगळ्यांना काम सुचतं.

जाताना म्हणाली, ‘जेवतेस ना?’ हो म्हटलं. जेवते. चव कसली ते सांगता येत नाही.

१३ मार्च

उद्या चौकशी. कपाटातून बरी साडी काढली. उगाचच कॉन्व्हेंट शाळेतल्या मदर आठवल्या. काच फुटली की वर्गात येऊन विचारायच्या, कुणी फोडली? आम्हाला उभं करायच्या, आणि उत्तर येईपर्यंत स्वतःही उभ्या राहायच्या. गुडघे दुखायचे त्यांचे, दिसायचं. पुढे मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा तसंच करत होते. मुलींना वाटायचं बाई छळतात.

१४ मार्च

लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, एक चौकशी अधिकारी, समोर रुग्णालयाची सहा माणसं. पाच जणांनी ‘आमच्याकडे तो विषय येत नाही’ असं वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. औषध भांडारवाल्यालाही कशाला बोलावलं होतं देव जाणे. त्याचं भाषण सगळ्यांत लांबलं.

मग त्या दुपारी वॉर्डावर असलेली सिस्टर उठली. बारीक चणीची, हातात रुमाल. ‘मी गेले होते. ड्यूटी संपली, पुढची सिस्टर आलेली नव्हती, तरी गेले. ते आत दार वाजवत होते. मी ऐकलं होतं.’

मला तिचा राग यायला हवा होता. शोधला. सापडला नाही.

मी विचारलं, ‘का गेलीस?’

‘जादा वेळ थांबायचं नाही, असं सांगितलंय. ओव्हरटाइम बंद आहे. पुढचीला फोनवर वॉर्डाचा चार्ज द्यायचा आणि निघायचं. सगळ्याच वॉर्डांत असंच चालतं.’

म्हणजे ही फोनवर म्हणते ‘दिला’, दुसरी बसमधून म्हणते ‘घेतला’. वॉर्ड कागदावर एक क्षणही रिकामा नाही. चार्ज बसमध्ये उभा, चिमण कुलपात.

‘कुणी सांगितलंय?’

तिनं अधीक्षकांकडे पाहिलं. ते म्हणाले, ‘असा लेखी आदेश नाही.’ चौकशी अधिकारी म्हणाले, ‘मग नाहीच.’ आणि बाटलीचं झाकण उघडलं.

१५ मार्च

दिवसभर झोपले.

२९ मार्च

निकाल घरी आला. सिस्टरला ताकीद. माणसं कमी म्हणून तिला त्याच वॉर्डात परत घेतलं. ‘कार्यपद्धतीत सुधारणा विचाराधीन.’ भाचीनं सांगितलं, अधीक्षक आता प्रभारी राहिले नाहीत, कायम झाले. पेढेही वाटले म्हणे. नाही, तसं तिनं म्हटलं नाही, मीच घातलं पदरचं. इतकंच उरलंय माझ्या जिभेत.

भाची म्हणाली, ‘संपलं ना आत्या?’ हो म्हटलं.

३ एप्रिल

दुपारी फोन. सिस्टर. आवाज दबलेला. ‘बाई, कुणाला सांगू कळेना. माझी ड्यूटी संपली. पुढची बसमध्ये आहे, फोनवर घेतला म्हणाली. आत एक जण आहे. दार वाजवतोय.’

म्हटलं, दार उघड, पाणी दे, आणि तिथून हलू नकोस, मी निघालेच. कुणाच्या सांगण्यावरून थांबलीस असं कुणी विचारलं, तर माझं नाव सांग.