हिरव्या पिशवीतली साखर

१२ जानेवारी, सोमवार
कुसुमला जाऊन महिना झाला. गुरुजी सकाळी येऊन गेले. मेधा आली नाही. उस्मानपुऱ्यात दिलेली एकुलती एक मुलगी, इथं पुंडलिकनगरला यायला रिक्षानं कितीसा वेळ. जावई फोनवर म्हणाले, "तिचं डोकं दुखतंय, बाबा." तेराव्यालाही पानातलं गोड तसंच टाकून उठली होती. तेव्हापासून गोडाला शिवत नाही.

कारण मला माहीत आहे. मार्गशीर्षातल्या त्या गुरुवारी नैवेद्याची बासुंदी घेऊन आली, आईला वाटीभर दिली. शुक्रवारी कु.ची शुगर वाढलेली. मी फोनवर ओरडलो, "आईला मारतेस का?" शनिवारी पहाटे कु. गेली. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलं. मे.च्या कानात माझंच राहिलं.

१३ जानेवारी
सकाळी उठून हात धुतले, मास्क लावला. पिशवी टांगायला गेलो तेव्हा आठवलं.

घरीच डायलिसिस होतं. पोटात पाणी सोडायचं, चार तासांनी काढायचं, दुसरं सोडायचं. दोन वर्षं हे मीच केलं. पिशव्यांचे खोके अजून मधल्या खोलीत आहेत.

१४ जानेवारी, संक्रांत
यंदा आपल्याकडं सण नाही. रुबिना सिस्टर आली. आम्हाला पिशव्या लावायला तिनंच शिकवलं. उरलेले खोके सोयगावच्या एका पेशंटला हवेत. "लई गरज हाय त्यांना, काका. देताव ना?"

पिवळ्या टोपणाच्या आणि हिरव्या टोपणाच्या वेगळ्या करत होती. म्हणाली, "हिरवी जादा गोड."
"गोड म्हणजे?"
"हौ. साखरच हाय की त्यात. साखरच अंगातलं पाणी ओढती. शिकवताना बोलले होते मी."

बोलली होती. पण पिशवीवर २.५ लिहिलेलं. मी अडीच ग्रॅम धरून चाललो होतो. अर्धा चमचा.
"अवो काका, टक्के हाय ते!" हसली. मग माझ्याकडं पाहून पुन्हा पिशव्या मोजायला लागली.

१५ जानेवारी
टक्के म्हणजे शंभर मिलीत तेवढे ग्रॅम. शाळेत शिकलेलं. पिशवी दोन लिटरची, २००० मिली. शंभरात २.५, तर २००० मध्ये ५०. पिवळी १.५ टक्के, म्हणजे ३०.
रोज तीन पिवळ्या, एक हिरवी. ९० आणि ५०. एकशेचाळीस ग्रॅम.
पुन्हा केलं. तेच.

काट्यावर साखर मोजून ताटलीत ओतली. मोठा ढीग झाला. मी तिच्या चहातला अर्धा चमचा काढून घ्यायचो. "अहो, एवढ्यानं काय होतंय," म्हणायची.
मे.च्या वाटीत फार तर वीस ग्रॅम असेल. तिला हे दाखवायला पाहिजे.

१६ जानेवारी
आधी सिस्टरला फोन केला. म्हणाली, "सगळी थोडीच अंगात जाती काका. थोडी पाण्यासंगं वापस येती."
"वापस किती?"
"निघालेल्या पाण्यात किती टक्के राहिली ते लॅबवाले सांगतात. तेव्हा कळतं."

निघालेलं पाणी मी संडासात ओतत होतो. किती मिली निघालं ते रोज मोजलं. टक्के माहीत नाहीत, त्यामुळं ग्रॅम निघत नाहीत.
डॉक्टरांना पिशवीतली साखर ठाऊक होती, इन्सुलिन तसंच ठरवलेलं. "म्हणून तर वरची, खाण्यातली बंद केली होती." हे तिनं सहज म्हटलं.
मे.ला काय दाखवायचं मग.

१८ जानेवारी, रविवार
तरी गेलो. साखरेच्या दोन पुड्या नेल्या. ओट्यावर ठेवून समजावलं. ही पिशव्यांची, एका दिवसाची. ही तुझ्या वाटीची.
मोठी पुडी तिनं हातावर तोलली.
"रोज एवढी?"
"हो."
"तुम्ही घालत होतात?"
"त्याशिवाय पाणी निघत नव्हतं, बाळ."
लहान पुडी तिनं उचलली. "म्हणजे ही त्याच्यावर आणखी."
डॉक्टरांचं पुन्हा सांगितलं, हृदयाचं.
"मग तुम्ही फोनवर तसं का बोललात?"
"घाबरलो होतो."
रडली नाही. आत निघून गेली. जावयांनी रिक्षापर्यंत सोडलं.

२० जानेवारी
सोयगावची माणसं येऊन खोके घेऊन गेली. मधली खोली मोकळी. कुठं बसावं कळेना.

दुपारी मे.चा फोन. एकदम म्हणाली, "बाबा, आईनं त्या दिवशी अर्धीच वाटी खाल्ली. तुमच्या पावलांचा आवाज आला आणि म्हणाली, 'ए, लवकर संपव, ते आले.' उरलेली मी घाईघाईनं गिळली. हसत होती आई."
मला हे माहीत नव्हतं.
"मग किती झाली?"
"दहा ग्रॅम."
"नक्की?"
अंदाजच होता. म्हणालो, "साखर किती घातली होतीस?"
"शंभर ग्रॅम. दूध दीड लिटर."
"आटून किती उरली? त्यावर आहे सगळं."
"ते कुठं बघितलं मी." मग म्हणाली, "रविवारी येते. तेवढीच आटवू नि मोजू."
बरं म्हणालो.

दहापेक्षा कमी निघाली तर बरं. जास्त निघाली तर तिला काय सांगायचं, ते अजून सुचत नाही.