सोपाची गाठ

निर्मळ, ५ मार्च २०२५

चि. विद्याधर यास अनेक आशीर्वाद.

फोन कोणी ऐकत असेल असं जितेश म्हणतो, म्हणून माणसाहाती पत्र. तुझ्या या भाच्याच्या घरी केंद्रीय तपासवाल्यांना सुकेळ्यांच्या पुडक्यात सोन्याची बिस्किटं सापडली. ठेकेदाराची लाच, असं ते म्हणतात. जितेशने सांगितलंय, पुडकं आईने पाठवलं. सोमवारी तुझा जबाब आहे. पुडकं ताईचंच, एवढंच म्हण. बाकीचं ज्ञान घरी ठेव. पोराची सरकारी नोकरी जाईल रे.

मेघनाला सांग, नणंदेने केळफूल पाठवलंय.

घोर लागलेली,
ताई

बोळिंज, ६ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

केळफूल पोचलं. ते कसं सोलावं हे मी मेघनाला समजावलं. तिने मला स्वयंपाकघराबाहेर काढलं.

आता पुडकं. धाडीच्या वेळी जितेशनेच मला खालच्या मजल्यावरच्या माझ्या घरातून बोलावलं, मामा ओळखेल म्हणून. पंचनाम्यात 'सुकी केळी' लिहिलं होतं. राजेळी केळी उन्हात वाळवून होतात ती सुकेळी, अशी दुरुस्ती मी करवून घेतली. साहेबांनी विचारलं, आपण कुठल्या विद्यापीठाचे? म्हटलं, नववी नापास, पण वाचतो. मग विचारलं, बहिणीचं पुडकं ओळखाल? मी छाती काढून म्हणालो, हो, नुसत्या गाठीवरून. चूक तिथे झाली.

ताई, ते नायलॉनने बांधलेलं होतं. वर फुलासारखी गाठ! तू जन्मात केळीच्या खोडाच्या वाळल्या सोपाशिवाय दोरी वापरली नाहीस, आणि तुझी गाठ पानाच्या आत दडलेली असते. आता साहेब तुलाही समोर बसवून एक पुडकं बांधायला लावणार आहेत. तसं बांधता येईल? येत असेल तर मीही खोटं बोलतो. सवय नाही, पण शिकेन.

तुझ्या शब्दाची वाट पाहणारा,
विद्याधर

निर्मळ, ८ मार्च

चि. विद्याधर यास अनेक आशीर्वाद.

दोन दिवस अंगणात बसून नायलॉनने पुडकी बांधली. दरवेळी गाठ आपोआप आत गेली. एक जमलं, तेवढ्यात शेजारची इनेझ आली आणि म्हणाली, मनोरमाबाय, हे कुठल्या दुकानातून आणलं? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज दुपारी जितेश आला. ते पुडकं त्याच्यापुढे ठेवून म्हटलं, लहानपणापासून आईचं खाल्लंस, हे आईचं आहे का सांग. त्याने पुडकं परत माझ्याकडे सरकवलं. जेवला नाही.

सोमवारी पाहिलंस ते सांग. मीही येते. पोरगा माझा आहे, ते मी नाकारणार नाही. गाठ माझी नाही.

सोबत खरं पुडकं पाठवतेय. साहेबांना दाखव, देऊ नकोस.

तुझ्यावरचा राग अजून न गेलेली,
ताई